आठव्या अंकात हरवलेला प्रश्न

तुम्ही विचारलंय की 'सीक्रेट इन्व्हेजन' सात अंक खिळवून ठेवतं, मग आठवा इतका पोकळ का वाटतो. (मी २००८ च्या मार्व्हल कॉमिकबद्दल बोलतोय, २०२३ च्या मालिकेबद्दल नाही.) मलाही तो पोकळच वाटला, आणि अजून त्याची हळहळ वाटते. कथेने एक फार चांगला प्रश्न उभा केला होता आणि शेवटी तो वाऱ्यावर सोडून दिला.

आठवून बघा. २००७ मध्ये मार्व्हलच्याच 'न्यू ॲव्हेंजर्स' या कॉमिकच्या ३१व्या अंकात इलेक्ट्रा ही मारेकरी मरते आणि तिचं प्रेत हिरवं पडतं. ती स्क्रल निघते, म्हणजे कुणाचंही रूप घेऊ शकणारी परग्रहवासी. 'सिव्हिल वॉर' या आधीच्या कथेतल्या आपसातल्या लढाईमुळे सगळे नायक आधीच एकमेकांपासून तुटलेले, त्यात हा संशय. विश्वास कुणावर ठेवायचा, हे तर मालिकेच्या जाहिरातीतच विचारलं होतं. आणि लेखक ब्रायन मायकल बेंडिस सुरुवातीला ते खरंच निभावतो. स्पायडर-वुमनच्या रूपातली स्क्रल राणी व्हेरँकी आजारी टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, पटवू पाहते की तू स्वतःच स्क्रल आहेस. माणसाला स्वतःचाही भरवसा वाटेनासा होतो, यापेक्षा भयंकर आक्रमण कुठलं?

पण मला सगळ्यात चटका लावून गेला तो धनुर्धर नायक हॉकआय. मेलेली बायको, मॉकिंगबर्ड, समोर उभी राहते. फक्त दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट तो विचारतो, ती बरोबर उत्तर देते, तो विश्वास ठेवतो. पाचव्या अंकात शास्त्रज्ञ नायक रीड रिचर्ड्स खोटी रूपं उतरवणारं यंत्र चालवतो आणि तीही स्क्रल निघते. माझ्या मते कथा तिथेच घसरायला लागते. कोण खरं, कोण खोटं हे एका यंत्राने मिटवून टाकलं. पुढे उरली सेंट्रल पार्कमधली मारामारी. लेनिल फ्रान्सिस यूची चित्रं तिथेही दमदार आहेत, पण गर्दीत कुणाचाच चेहरा मनात राहत नाही.

मग आठवा अंक. वास्प या नायिकेला जिवंत शस्त्र बनवून मारलं जातं (२०१२ मध्ये ती परतली, त्यामुळे ते दुःखही टिकलं नाही), खलनायक नॉर्मन ऑसबॉर्न व्हेरँकीला गोळी घालतो, आणि स्क्रलांनी पळवलेली खरी माणसं यानातून बाहेर येतात. त्यांत खरी मॉकिंगबर्डही असते! एकदा इतका फसलेला नवरा आता तिच्याकडे कसा बघेल? सगळी मालिका ज्या क्षणासाठी रचली असं वाटत होतं, तो हाच. त्याला मोजक्या चौकटी मिळतात. घाई असते ती टोनीला 'शील्ड' या सुरक्षा संस्थेच्या प्रमुखपदावरून पायउतार करून ऑसबॉर्नच्या हाती सत्ता देण्याची, कारण पुढचं 'डार्क रेन' हे कथानक सुरू करायचं असतं. शेवटचं दृश्यही ऑसबॉर्नने डूम, लोकी वगैरेंसोबत भरवलेल्या गुप्त बैठकीचं. आठ अंक विकत घेणाऱ्याला शेवट मिळायला हवा होता. मिळाली ती पुढच्या कथेची प्रस्तावना.

हॉकआय आणि मॉकिंगबर्डचं पुढे काय झालं ते हवं असेल, तर २००९ ची 'न्यू ॲव्हेंजर्स: द रियुनियन' ही छोटी मालिका वाचा. आठव्या अंकात राहून गेलेलं बोलणं तिथे सुरू होतं.