कार्ड आहे, पण यादीत नाव नाही

पारोळा तालुक्यातले एक वाचक सुरतेच्या उधना भागात कापड कारखान्यात कामाला आहेत. आईवडील, बायको, मुलं गावी. विधानसभेला, 20 नोव्हेंबर 2024 रोजी, रजा टाकून मतदानाला आले, तर यादीत नाव नाही. ओळखपत्र दाखवूनही परत पाठवलं. “कोर्टात दावा लावू का?” असं ते विचारतात. सुरतेला गेलेल्या खानदेशातल्या लोकांची अशी पत्रं मला सतत येतात.

भाऊ, दावा लावू नका. यादीत नाव असावं की नसावं, हे ठरवायचा अधिकारच दिवाणी कोर्टाला नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 30 वाचा. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येईल, पण तारखा पडता पडता पुढची निवडणूकही उरकेल.

तुमच्या पत्रात खरी गोष्ट शेवटी आली आहे. मतदार यादीचं काम बघणारे बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी आले तेव्हा वडील ओट्यावरूनच म्हणाले, “पोरगा सुरतला राहतो.” मग नाव कापण्याबद्दल तहसीलमधून नोटीस आली, ती घरच्यांनी फडताळात ठेवून दिली. तात्पुरतं बाहेर राहिल्याने गावचा रहिवास तुटत नाही, असं याच कायद्याचं कलम 20 सांगतं. नोटिशीला एवढंच दोन ओळींत कळवायचं होतं! नाव कापल्याच्या आदेशावर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तेही केलं नाही. सरकारी कागद न वाचता ठेवून देण्याची ही सवय आपल्याकडे फार महागात पडते.

आता नमुना 6, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, नव्याने भरा. पण कधी भरता, यावर सगळं आहे. कलम 23 चं पोटकलम 3 असं, की उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की निवडणूक संपेपर्यंत त्या मतदारसंघाच्या यादीत नाव घालता येत नाही. 2024 ला ही तारीख 29 ऑक्टोबर होती, म्हणजे मतदानाच्या तीन आठवडे आधीच यादी बंद झाली. त्यात तुमच्या अर्जावर हरकती घ्यायला सात दिवस द्यावे लागतात, तेव्हा ऐनवेळी दिलेला अर्ज पडून राहतो. जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीला तर राज्य निवडणूक आयोग ठरवेल त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतात. त्यानंतर घातलेलं नाव त्या निवडणुकीला चालत नाही. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येईन तेव्हा बघू, असंही नको. अर्ज सुरतेत बसून ऑनलाइन भरता येतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. उधन्यात नाव नोंदवलंय का? असेल तर नमुना 6 नव्हे, नमुना 8, म्हणजे पत्ता बदलल्याचा अर्ज, लागेल. दुसरीकडे नाव असताना नाही म्हणून सही केलीत, तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रहिवासाचं मी छातीठोक सांगणार नाही, ते अधिकारी चौकशी करून ठरवतील. कुटुंब गावी आहे, ही तुमची जमेची बाजू.

2022 पासून मतदाराचं वय मोजायच्या पात्रतेच्या तारखा वर्षाला चार झाल्या, त्याने अठरा पूर्ण करणाऱ्या मुलांची सोय झाली. पोटासाठी बाहेर गेलेल्या माणसाचं नाव कापताना मात्र त्याच्या मोबाइलवर कळवणं सक्तीचं व्हायला हवं, आणि ही मागणी आपण आमदार-खासदारांकडे लावून धरली पाहिजे.

अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा, नाव चढलं का ते पंधरवड्याने तपासा. आणि त्याच बैठकीत पत्नीचं नावही यादीत शोधा.