पहिलं बक्षीस मोठं करू की आठवं?

टेबल टेनिसमधली बक्षिसं, मानांकन आणि या खेळाला प्रेक्षक मिळवून देणं, यांवर या वेळी प्रश्न मागवले होते. सांगली-साताऱ्याकडून जे आले त्यांत आयोजकांचा भरणा जास्त. म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच.

प्रश्न : आमचं मंडळ दरवर्षी खुली एकेरी स्पर्धा घेतं. यंदा प्रायोजक चांगला मिळालाय. पहिलं बक्षीस २१ हजारांवरून ५१ हजार, दुसरं २१ हजार आणि उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांना सहा-सहा हजार असा बेत आहे. राज्यातले नामवंत खेळाडू येतील का?
— मंडळाचे सचिव, मिरज

उत्तर : येतील की, दोघं-तिघं. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघतील, रविवारी संध्याकाळी ५१ आणि २१ हजार घेऊन परत जातील. फ्लेक्सवर आकडा छान दिसेल. पण पुढच्या वर्षी प्रवेशिका कमी झाल्या तर नवल वाटून घेऊ नका.

स्पर्धा उभी राहते ती नवव्या ते सोळाव्या क्रमांकाच्या खेळाडूवर. तो कोल्हापूरहून, सोलापूरहून एसटीने येतो. प्रवेश शुल्क भरतो, बाहेर जेवतो, दोन मॅच जिंकतो आणि तिसरीत एखाद्या मानांकित खेळाडूसमोर पडतो. सोळांत येऊनही खिशातून हजार-दीड हजार गेलेले. असं दोनदा झालं की तो येणं बंद करतो. मग ६४ जणांचा ड्रॉ ४० वर येतो, निम्म्याहून जास्त जणांना बाय, म्हणजे न खेळता पुढची फेरी, द्यावा लागतो आणि प्रायोजक विचारतो, ‘एवढीच पोरं?’

तुमची एकूण रक्कम ८४ हजार होते. माझ्या हातात असती तर मी अशी लावली असती : विजेता २० हजार, उपविजेता १२, उपांत्य फेरीतले दोघं सहा-सहा, उपांत्यपूर्व फेरीतले चौघं तीन-तीन आणि त्याआधी हरलेले आठ जण दीड-दीड हजार. झाले ६८ हजार, सोळा जण रिकाम्या हाती गेले नाहीत. उरलेले १६ हजार उजेड, पंचांचं मानधन आणि प्रक्षेपण यांना. तुम्ही म्हणाल, मग पहिलं बक्षीस गेल्या वर्षीपेक्षा हजाराने घटलं. घटू द्या. वाटलं तर तेवढे हजार विजेत्याला द्या, पण आठ दीड हजारांना हात लावू नका.

आपल्याकडचं कुस्ती मैदान आठवा. कुंडलचं घ्या किंवा कुठल्याही जत्रेचं. एक नंबरच्या कुस्तीचं इनाम पोस्टरवर मोठ्या अक्षरात असतं, पण दुपारी चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्याही इनामावरच लागतात. हलगी त्यांच्यासाठीही वाजते. आणि गाव लवकर येऊन बसतं ते त्या पोरांसाठी, कारण ती घरचीच असतात.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे, जिल्ह्यात पहिली येते. पुढे बक्षिसांच्या पैशांवर तिचं भागेल का? नातेवाईक म्हणतात, क्रिकेट तरी खेळायचं होतं.
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, स्पष्टच सांगतो. निव्वळ बक्षिसांवर भागत नाही.

डब्ल्यूटीटी, म्हणजे वर्ल्ड टेबल टेनिस या जागतिक व्यावसायिक मालिकेत, सगळ्यात वरच्या दर्जाची स्पर्धा म्हणजे ग्रँड स्मॅश. पहिलं २०२२ साली सिंगापूरला झालं, एकूण रक्कम २० लाख डॉलर. एकेरी जिंकणाऱ्या फॅन झेनडाँगला आणि चेन मेंगला प्रत्येकी एक लाख डॉलर मिळाले. आता शेजारच्या टेनिसकडे बघा : २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरून घरी जाणाऱ्याला एक लाख डॉलर होते. आमच्याकडे जग जिंकून जेवढं मिळतं तेवढं तिकडे एक मॅच हरून. खालच्या फीडर आणि कंटेंडर स्पर्धांत तर विमानाचं तिकीट निघालं तरी खेळाडू खूश असतो. त्यात रबरांचा खर्च. चांगलं आयात केलेलं एक रबर काही हजारांचं असतं, रॅकेटला दोन लागतात, आणि रोज चार-चार तास टॉपस्पिन मारणारी मुलगी ती दोन-तीन महिन्यांत गुळगुळीत करून टाकते.

मग आपले खेळाडू जगतात कशावर? नोकरीवर. शरथ कमल इंडियन ऑइलमध्ये, श्रीजा अकुला रिझर्व्ह बँकेत. श्रीजाने जून २०२४ मध्ये लागोसला डब्ल्यूटीटी कंटेंडरची एकेरी जिंकली. असं करणारी ती पहिली भारतीय. पण महिन्याच्या महिन्याला घरात येणारा पैसा त्या करंडकाचा नसतो, पगाराचा असतो. पेट्रोलियम कंपन्या, रेल्वे, रिझर्व्ह बँक यांनी या देशात टेबल टेनिस जगवलं, हे लीगच्या झगमगाटात विसरायला होतं. दुसरा मार्ग क्लबच्या कराराचा. शरथ जर्मनीत खेळला, साथियन जर्मनीत आणि जपानच्या टी लीगमध्ये. तिथे हंगामाचे पैसे ठरलेले असतात, हरलात तरी मिळतात.

तेव्हा आत्तापासून एक करा : प्रमाणपत्रांची फाइल नीट ठेवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि हौशी मंडळाच्या खुल्या स्पर्धेचा कागद तिथे चालत नाही. म्हणून वर्षाच्या स्पर्धा निवडताना मान्यताप्राप्त संघटनेच्या जिल्हा आणि राज्य मानांकन स्पर्धा आधी, बक्षिसाच्या स्पर्धा नंतर. नातेवाइकांचं म्हणाल, तर सांगलीच्या स्मृती मानधनाचं उदाहरण देऊन ते गप्प बसणार नाहीत. बोलू द्या.

प्रश्न : फॅन झेनडाँगसारखा ऑलिंपिक विजेता जागतिक मानांकनातून स्वतःहून बाहेर पडतो, हे कसं?
— महाविद्यालयीन खेळाडू, कराड

उत्तर : पॅरिसला एकेरीचं सुवर्ण जिंकलेले दोघंही, फॅन झेनडाँग आणि चेन मेंग, डिसेंबर २०२४ मध्ये बाहेर पडले. कारण दंड. डब्ल्यूटीटीच्या स्पर्धेतून अव्वल खेळाडूने माघार घेतली तर त्याला दंड भरावा लागेल, असा नियम आला होता. दमलेल्या फॅनने सांगितलं की हे मला झेपणारं नाही, नाव काढून घेतो. पुढे तो जर्मनीच्या बुंडेसलीगामध्ये सारब्रुकेनकडून उतरला.

मानांकनाचं गणित समजलं की हा राग समजतो. गेल्या ५२ आठवड्यांतले सर्वोत्तम आठ निकाल धरतात. ग्रँड स्मॅश जिंकलात तर २००० गुण, चॅम्पियन्सला १०००, स्टार कंटेंडरला ६००, कंटेंडरला ४००, फीडरला १२५. म्हणजे आठच्या आठ फीडर जिंकले तरी १००० गुण, एका चॅम्पियन्स विजेतेपदाएवढे. वरच्यांना सक्तीने सगळीकडे खेळावं लागतं आणि खालच्यांना वर चढायला शिडी सापडत नाही, अशी दोन्हीकडून ओढाताण.

आयोजकाची बाजू खोटी नाही. तो फॅनच्या नावावर तिकीट विकतो. फॅन आला नाही तर प्रेक्षक त्याच्या नावाने बोटं मोडतात. पण टेनिससारखी शिस्त लावायची तर टेनिससारखे पैसेही ठेवावे लागतात. बक्षीस तुटपुंजं आणि दंड मात्र घसघशीत, हे मला पटत नाही.

तुमच्यापुरतं इतकंच : स्पर्धेला येणार नसाल तर ड्रॉ पडायच्या आधी कळवा. वॉकओव्हर देणाऱ्याला आयोजक पुढच्या वर्षी विसरत नाहीत.

प्रश्न : आम्ही २१ गुणांचे गेम खेळलो. आता ११ ला संपतं, लीगमध्ये तर तीनच गेम आणि १०-१० ला ड्यूससुद्धा (दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंतचा खेळ) नाही. प्रसिद्धीसाठी खेळाचा तमाशा केलाय असं नाही वाटत?
— जुने जिल्हा विजेते, सातारा

उत्तर : निम्मं वाटतं, काका.

बदल प्रेक्षकांसाठीच झाले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सिडनी ऑलिंपिक उरकताच, २००० साली, चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० चा झाला, म्हणजे थोडा मंदावला आणि टीव्हीवर दिसू लागला. २००१ मध्ये २१ चे ११ गुण झाले, पाच-पाच सर्व्हिसच्या दोन-दोन झाल्या. २००२ मध्ये हाताआड चेंडू लपवून सर्व्हिस करण्यावर बंदी आली, कारण सर्व्हिस झाली की पॉइंट संपायचा आणि प्रेक्षकाला काय झालं तेच कळायचं नाही. २०२१ पासून लाल रबराच्या जागी गुलाबी, हिरवं, निळं, जांभळं चालतं. यातला सर्व्हिसचा नियम तर माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतला सगळ्यात शहाणा बदल.

अल्टिमेट टेबल टेनिस (यूटीटी) ही आपली लीग २०१७ ला सुरू झाली. सुरू करणाऱ्यांत विटा दाणी आणि नीरज बजाज. बजाज स्वतः राष्ट्रीय विजेते. तिथे पाच मॅचेस, प्रत्येकीत तीन गेम, आणि तिन्ही खेळायचेच. प्रत्येक गेमचा गुण संघाला. २०२३ ला बालेवाडीत हंगाम झाला तेव्हा ०-२ ने मागे असलेली पोरं तिसऱ्या गेमसाठी जीव टाकत होती, कारण पंधरापैकी आठ गेम आधी गाठायचे असतात. एरवी असा तिसरा गेम मेलेला असतो, आणि मेलेल्या गेमला कोण बसतं? हा नियम मला आवडला. १०-१० ला एकाच पॉइंटवर निकाल मात्र मला अजून रुचत नाही. ड्यूसच्या १३-१३, १४-१४ मध्ये जी धाकधूक असते, ती प्रेक्षकाच्या तोंडची काढून घ्यायचं कारण काय?

प्रश्न : महिला गटात प्रवेशिकाच १६ येतात. बक्षीस निम्मं ठेवलं तर चूक काय?
— आयोजक, विटा

उत्तर : पहिल्या दोघींना पुरुषांइतकंच द्या, फक्त बक्षिसं खाली कुठपर्यंत उतरवायची ते प्रवेशिकांवर ठरवा. १६ असतील तर शेवटच्या चौघींपर्यंत. डब्ल्यूटीटीत पुरुष-महिला एकेरीची रक्कम सारखी असते. यूटीटीच्या लढतीत पुरुषांच्या दोन, महिलांच्या दोन आणि एक मिश्र दुहेरी. बीसीसीआयनेसुद्धा २०२२ मध्ये सामन्याचं मानधन सारखं केलं. तुमच्या पत्रकावर निम्मा आकडा वाचूनच मुली येत नसतील, हेही धरून चाला.

प्रश्न : अंतिम सामन्याला पन्नासही माणसं नसतात. प्रसिद्धीवर खर्च करायचा तर कशावर करावा?
— क्रीडा शिक्षक, तासगाव

उत्तर : फ्लेक्सवर नको.

पहिलं म्हणजे अंतिम सामना एकाच टेबलावर, हॉलच्या मधोमध. बाकीची टेबलं दुमडून भिंतीला लावा. उपांत्य फेरी चालू असताना शेजारी १३ वर्षांखालच्यांची टकटक चालली असेल तर बघणाऱ्याची मान ठरत नाही. खुर्च्या कठड्याच्या इतक्या जवळ ठेवा की बुटांचा चरचर आवाज ऐकू येईल. या खेळाचा वेग लांबून कळतच नाही.

दुसरं, सांगणारा माणूस. माइक हातात देऊन एखाद्या जाणत्या खेळाडूला बसवा आणि दोन पॉइंटच्या मध्ये एकच वाक्य बोलायला सांगा : ‘हा चेंडू जाळ्यात का गेला? समोरच्याने खालून कापला होता.’ फिरकी दिसत नाही, हीच या खेळाची अडचण. ती कुणीतरी बोलून दाखवावी लागते. पॉइंट चालू असताना मात्र माइक बंद.

तिसरं, मोबाइलवरचं प्रक्षेपण. बहुतेक जण पंचाच्या शेजारून, बाजूने चित्रण करतात. त्यात चेंडू डावी-उजवीकडे पळतो आणि डोकं दुखतं. फोन एका खेळाडूच्या मागे, डोक्यापेक्षा तीन-चार फूट उंच स्टँडवर लावा, थोडा खाली झुकवून. समोरची भिंत पांढरी असेल तर गडद निळा किंवा हिरवा पडदा सोडा, नाहीतर पांढरा चेंडू हरवतो. स्वस्त एलईडी दिव्यांखाली फोनवर पट्टे फिरताना दिसतात; आदल्या दिवशी दोन मिनिटं चित्रण करून तपासा. आणि वाऱ्याने चेंडू भरकटतो म्हणून पंखे बंदच राहणार, तेव्हा स्पर्धा एप्रिल-मेमध्ये घेऊच नका. तासगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या हॉलमध्ये घामाघूम होऊन अंतिम सामना बघायला कोण थांबेल?

चौथं फुकट आहे. निकाल संध्याकाळी सहाच्या आत वर्तमानपत्रांच्या सांगली कार्यालयांत पोचवा, खेळाडूंच्या नावापुढे गावाचं नाव घालून. ‘उपांत्य फेरीत पलूसचा अमुक’ असं छापून आलं की पलूसची दहा माणसं पुढच्या वर्षी येतात.

प्रश्न : बक्षीस रोख द्यावं की चेकने? मुलाच्या बक्षिसावर मला कर बसेल का?
— एक वडील, वाई

उत्तर : आयोजकाने थेट खात्यावर, त्याच दिवशी, खेळाडू हॉलमधून बाहेर पडायच्या आत जमा करावं. ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ हे वाक्य मी फार ऐकलंय. कराचं म्हणाल, तर अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात, पण स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेला पैसा त्याला अपवाद आहे. तो मुलाचाच धरला जातो. त्याचं पॅन कार्ड काढा, बक्षिसांची नोंद आणि प्रवास-रबरांच्या पावत्या एका वहीत ठेवा, आणि रक्कम वाढायला लागली की वहीसकट सीएकडे जा.