आठवड्याची थकबाकी रविवारी फेडू नकोस

ताई, मी ३८ वर्षांची आहे. डोंबिवलीत राहते, फोर्टमधल्या एका सीए फर्ममध्ये मॅनेजर आहे. सकाळी सातला चहा-बिस्किटावर घर सोडते, डबा अडीचला उघडते, घरी यायला रात्रीचे दहा, सीझनमध्ये अकरा. झोप पाच तास. चार वर्षांपूर्वी धावायला लागले आणि त्यातच जीव रमला. गेल्या डिसेंबरात हाफ मॅरेथॉनची तयारी करताना डावी नडगी दुखायला लागली. एक्स-रेत काही नव्हतं, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक चीर, निघालं. धावणं बंद झालं. फिजिओकडे तीनदा गेले, मग ऑफिसमुळे राहिलं. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुरू करा. आठवडाभर वेळच मिळत नाही, म्हणून रविवारी धावते. आधी चार किलोमीटर, मग सात, परवा दहा. आता पुन्हा त्याच जागी कळ येते. रोज रात्री जेवण गरम करताना ओट्याशी डाव्या पायावर एक उडी मारून बघते, दुखतंय का. घरी सांगितलेलं नाही. धावण्याच्या ग्रुपमधले सगळे जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनचं ठरवतायत. नोकरी सोडू की धावणं? तेवढाच वेळ माझा असतो. (पाळीही दोन-तीन महिने पुढे-मागे होतेय, पण ते टेन्शनमुळे असेल.)

*

तुला ‘तू’ म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस.

सगळ्यात आधी ती रात्रीची उडी बंद कर. आजपासून. पत्र वाचल्यापासून मला तेच दिसतंय: घर झोपलेलं, गॅसवर आमटी, आणि तू एका हाताने ओटा धरून डाव्या पायावर उडी मारतेस, मग कानोसा घेतल्यासारखी पायाकडे लक्ष लावून उभी राहतेस. पुन्हा धावू देण्याआधी फिजिओ अशा उड्या मारायला लावतात हे खरं आहे. पण ते स्वतःच्या नजरेसमोर, आणि हाड जुळल्याचा अंदाज आल्यावर. दुखऱ्या हाडावर रोज रात्री, तेही दिवसभराच्या ओढाताणीनंतर, उडी मारणं म्हणजे जखमेची खपली उचकटून खाली भरलंय का ते बघणं. तशी ती कधी भरत नाही.

धावणंही थांबव, डॉक्टरांना दाखवेपर्यंत. स्नायूचं दुखणं पसरट असतं, हात फिरवून ‘इथे कुठेतरी’ असं सांगता येतं. तुझं बोट ठेवता येईल अशा एकाच जागी आहे, आणि जागा जुनीच आहे. हे हाडाचं आहे असं धरूनच चालायचं. रात्री झोपेत ठणका लागला किंवा चालताना लंगडायला झालं, तर रविवारची वाट न बघता त्याच दिवशी जा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. अशी बारीक चीर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेकदा दिसत नाही, हा अनुभव तू घेतलाच आहेस.

आता पाळीबद्दल. ते तू सगळ्यात शेवटी, कंसात लिहिलंस. डॉक्टरांना मात्र ते पहिल्या वाक्यात सांग. शरीराला कष्टांच्या मानाने अन्न कमी पडलं की ते काटकसर सुरू करतं, आणि बाईच्या शरीरात ही काटकसर बऱ्याचदा पाळीपासून सुरू होते. पाळी बिघडवणारी हार्मोन्सची तीच उलथापालथ हाडांनाही पोखरते. खेळाडूंमधल्या या प्रकाराला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वेगळं नाव दिलं, आणि तो फक्त ऑलिंपिकवाल्यांना होतो असं मुळीच नाही. सकाळी सात ते दुपारी अडीच चहा-बिस्किटावर काढून रविवारी दहा किलोमीटर धावणाऱ्या बाईलाही होतो. तुझं कारण हेच असेल असं मी इथे बसून सांगू शकत नाही. थायरॉइड असेल, आणखी काही असेल. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनाही एकदा भेट, आणि ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, थायरॉइड या तपासण्यांचं विचार. तोवर सकाळी घराबाहेर पडण्याआधी नाचणीची आंबील किंवा नाचणीचं धिरडं पोटात जाऊ दे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आपल्या घरातल्या दुसऱ्या कुठल्या धान्यात एवढं नाही. पर्समध्ये शेंगदाण्याचे दोन लाडू ठेव. एक अकरा वाजता, एक संध्याकाळी सहाला. ऑफिसच्या चहाबरोबरची बिस्किटं आर्टिकल्सना, म्हणजे तिथे सीए शिकणाऱ्या मुलांना, देऊन टाक.

एवढं तातडीचं झालं, आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. तू हिशेबातली आहेस, म्हणून तुझ्याच भाषेत बोलते. तू धावणं थकबाकीसारखं धरलंयस. सोमवार ते शनिवार जमलं नाही, ते सगळं रविवारी एकरकमी भरायचं. हाडाला ही पद्धत मानवत नाही. हाडावर ताण पडला की शरीर आधी जुनं, थकलेलं हाड झिजवून बाजूला काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. काढायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कच्ची असते. थोडा ताण, मग विश्रांती, पुन्हा थोडा ताण, असं मिळालं तर काम नीट पार पडतं. सहा दिवस काहीच नाही आणि सातव्या दिवशी दहा किलोमीटर, याने भरायच्या आतच पुन्हा तडा जातो.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे दम. छाती आणि फुप्फुसं काही आठवड्यांत परत तयार होतात. त्यामुळे सात किलोमीटरनंतर तुला वाटलं असणार, दम तर आहे, दहा सहज जातील. दम होताच, पण हाड अजून खूप मागे होतं. दुखापतीतून परतणारे बहुतेक जण इथेच घसरतात, त्यामुळे स्वतःला बोल लावत बसू नकोस.

आणि हाड फक्त धावणं मोजत नाही. पाच तासांची झोप, लोकलमध्ये दोन्ही वेळा तास-सव्वा तास उभं राहणं, उपाशीपोटी काढलेली सकाळ, हे सगळं त्याच खात्यावर चढतं. हाडाची दुरुस्ती मुख्यतः विश्रांतीतच होते. म्हणून पहाटे साडेचारला उठून धाव, असं मी तुला सांगणार नाही. तसं सांगणारे ग्रुपमध्ये पुष्कळ असतील. रात्री बाराला झोपणाऱ्या बाईने साडेचारला उठणं म्हणजे हाडाच्या औषधातलं अर्धं ओतून देणं. माझ्या मते तुझ्यासाठी नियम असा असावा: आदल्या रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली, तर त्या दिवशी धावायचं नाही. चालायला हरकत नाही.

मग वेळ आणायचा कुठून? ऑफिसातूनच आणावा लागेल, आणि तो मागावा लागेल. ‘कामाचा ताण कमी करा’ असं म्हणत फर्मच्या पार्टनरकडे जाऊ नकोस. त्याला ‘हो, हो’ एवढंच उत्तर मिळतं आणि पुढे काही घडत नाही. कॅलेंडर घेऊन जा. बुधवारी आणि शुक्रवारी अकराला येईन, महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीचं काम असेल तर त्या आठवड्यात दिवस बदलून घेईन, आणि पायाच्या दुखापतीमुळे हे मला हवं आहे, असं स्पष्ट सांग. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेव. जुलै संपायच्या गर्दीत हे बोलणं व्हायचं नाही, त्याआधीच उरकून घे. दोन सकाळी मागून एकच मिळाली तरी ती घे, दुसरीसाठी ऑक्टोबरमध्ये पुन्हा विचार.

लोकलचंही सांगते. डोंबिवलीहून सुटणारी गाडी पकड. वीस मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण बसून जा. कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्टमध्ये एका पायावर तोल सांभाळत उभं राहण्यापेक्षा तुझ्या नडगीला हे मानवेल, आणि डोळेही मिटता येतील.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की सुरुवात चालण्याने. अर्धा तास भरभर चालून त्या दिवशी, संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी काहीच दुखलं नाही, असे लागोपाठ काही दिवस गेले पाहिजेत. मग एक मिनिट हलकं धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. चोवीस मिनिटांत संपतं. बुधवार, शुक्रवार, रविवार, तिन्ही दिवशी सारखंच. रविवारला जास्त मान नाही. लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. आधी मिनिटं वाढवायची, वेग आणि चढ सगळ्यात शेवटी. कुठल्याही टप्प्यावर त्या जागी कळ आली तर दोन-तीन दिवस पूर्ण थांबून मागच्या पायरीवर यायचं; तिथेही आली तर परत डॉक्टरांकडे. पोटरी, मांडीचं इतर दुखरेपण थोडंफार सहन केलं तर चालतं. या हाडाच्या बाबतीत थोडंसंही चालत नाही. सलग अर्धा तास धावायला यात दोन-अडीच महिने सहज जातील. फिजिओ तुझा पाय बघून यात फेरफार करतील, ते त्यांचंच ऐक. अर्धवट सोडलेले व्यायाम पुन्हा सुरू कर. क्लिनिक आठला बंद होतं ही अडचण असेल, तर सुट्टी मिळालेल्या बुधवारच्या सकाळी जा.

त्यांनी परवानगी दिली की रात्री ओट्याशी उडीऐवजी टाचा उचल. दोन्ही हातांनी ओटा धरायचा, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. आमटी गरम होईपर्यंत पंधरा-वीस होतात. आधी दोन्ही पायांवर, पुढे फिजिओ सांगतील तेव्हा एका पायावर. पोटरी मजबूत झाली की नडगीवर येणारा भार ती वाटून घेते.

जानेवारीचं स्पष्टच सांगते. हाफ मॅरेथॉनसाठी या वर्षी नाव देऊ नकोस. जूनमध्ये पाय पुन्हा दुखतोय. बरा होऊन अर्ध्या तासाच्या धावण्यावर येईपर्यंत सप्टेंबर उजाडेल, आणि ३० सप्टेंबर टॅक्स ऑडिटची तारीख. तो महिना तुझ्यासाठी काही वाढवण्याचा नाहीच. असेल तेवढं टिकवलंस तरी खूप झालं. मुदतवाढ आली तर तोच ताण ऑक्टोबरात सरकेल, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. उरतात नोव्हेंबर आणि डिसेंबर, त्यातही दिवाळी. दोन महिन्यांत २१ किलोमीटरला हाड तयार करायचं म्हणजे गेल्या डिसेंबरचीच पुनरावृत्ती. जानेवारीतल्या त्या तिसऱ्या रविवारी सीएसएमटीच्या परिसरात असावंसं वाटणं मी समजू शकते. तब्येत साथ देत असेल तर सहा किलोमीटरच्या आसपासचा ड्रीम रन आहे, तो मध्ये चालत पूर्ण केला तरी कुणी अडवत नाही. हाफ त्याच्या पुढच्या जानेवारीत. तोवर ग्रुपच्या रोजच्या आकड्यांची नोटिफिकेशन्स बंद ठेव. माणसं मात्र तोडू नकोस. रविवारी त्यांच्यासाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी राहा, नंतर चहाला बस.

घरी मात्र आजच सांग. मी शाळेत शिकवत होते तेव्हा टाचेचं दुखणं दीड वर्ष अंगावर काढलं. दिवसाचे पाच-सहा तास उभं, घरी आल्यावर पुन्हा ओट्याशी उभं, आणि चकार शब्द काढला नाही, कारण सांगितलं की सगळे मिळून माझी नोकरीच सोडायला लावतील अशी भीती होती. शेवटी सकाळी पलंगावरून उतरताना मी भिंत धरते हे आईच्या लक्षात आलं. ती रागावली, ती टाचेसाठी नाही. तिला दीड वर्ष कळू दिलं नाही याचं तिला जास्त लागलं होतं. तुझ्या घरचेही ‘आता धावणं बंद’ म्हणतील कदाचित. डिसेंबरात त्यांनी तुझं दुखणं जवळून पाहिलंय, घाबरणारच. पण डॉक्टरांकडे नवऱ्याला सोबत ने. डॉक्टर स्वतः ‘पुन्हा धावता येईल, पण असं असं करा’ म्हणालेलं त्यांना कानांनी ऐकू दे. मग बुधवार-शुक्रवार सकाळचा डबा त्यांनी भरायचा, हे मागणं तुला सोपं जाईल.

नोकरी सोडू की धावणं, याचं उत्तर आत्ता देऊच नकोस. पाच तासांच्या झोपेवर आणि दुखऱ्या पायावर इतका मोठा निर्णय कुणी घेऊ नये. तू लिहिलंस, तेवढाच वेळ माझा असतो. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तो वेळ तुझा राहिलाच पाहिजे, त्यासाठीच तर एवढं सगळं लिहिते आहे. फक्त काही महिने त्यात धावण्यापेक्षा चालणं जास्त असेल. दोन सकाळी मिळाल्यानंतरही, झोप सुधारल्यानंतरही फर्ममधलं आयुष्य असंच पिळून काढत असेल, तर डिसेंबरमध्ये मला परत लिही. तेव्हा नोकरीबद्दल सविस्तर बोलू.

येत्या शनिवारची अपॉइंटमेंट आजच घे. आणि पाळीचं पहिल्याच वाक्यात सांग.