वडील केळी पिकवतात, हे इंग्रजीत सरळ सांग

प्रिय मुली,

तू रावेर तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमात झाली, जळगावला इंजिनीअरिंग केलंस आणि आता अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळालाय. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतली एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची मुलाखत तोंडावर आलीय आणि एजंटाने दिलेली इंग्रजी उत्तरं घोकताना तुझी बोबडी वळतेय. त्यात "वडील अॅग्री बिझनेसमध्ये आहेत" असंही एक उत्तर आहे. ते म्हणताना कसंतरीच होतं, असं लिहिलंयस.

होणारच. ती उत्तरं आजच बाजूला ठेव. खिडकीपलीकडचा अधिकारी दिवसभर तीच ती वाक्यं ऐकत असतो, पाठ केलेलं त्याला लगेच कळतं. शिवाय मधेच वेगळं काही विचारलं की पाठांतर करणारा गडबडतो. तुझं इंग्रजी विद्यापीठाने आधीच बघितलंय. विद्यापीठाने पाठवलेल्या आय-ट्वेंटी या प्रवेशाच्या कागदावर त्याचा वेगळा रकाना असतो, काढून बघ. खिडकीवर बघतात ते वेगळंच: शिकायलाच चाललीस ना, पैसा कुठून येणार, शिकून झाल्यावर काय? बहुतेक मुलाखती चार-पाच मिनिटांतच आटोपतात.

वडिलांचं विचारलं तर सांग, "माय फादर इज अ फार्मर. ही ग्रोज बनानाज." मग किती एकर, वर्षाला किती सुटतात, शैक्षणिक कर्ज किती मंजूर झालं, हे आकडे इंग्रजीत तोंडात बसव, डॉलरमध्येसुद्धा. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसतो, म्हणून रिटर्नमध्ये रक्कम छोटी दिसू शकते. तेही एका वाक्यात सांगता यायला हवं, कारण शेतकऱ्याची मुलं नेमकी तिथेच अडखळतात. भाव पडला, करपा आला, गाडी भरली, हे सगळं तू लहानपणापासून घरात ऐकत आलीस. रावेरच्या केळीवर लेक अमेरिकेला निघाली, याहून भारदस्त उत्तर मला तरी सुचत नाही. आणि हो, डीएस-160, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म एजंटाने भरला असेल तर स्वतः ओळ न् ओळ वाच. जबाबदारी तुझी आहे.

सराव उभ्याने कर. भावाला काचेच्या खिडकीपलीकडे उभं कर आणि तिथून भराभर प्रश्न विचारायला लाव. घाबरलं की आवाज पडतो, तो असा सुटेल. उत्तर दोन वाक्यांचं, मग थांबायचं. प्रश्न कळला नाही तर "कुड यू प्लीज रिपीट दॅट?" म्हण, त्यात काहीच कमीपणा नाही. अंदाजाने भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते शंभरदा बरं.

नकार आलाच, तर बहुतेकदा अमेरिकी कायद्याच्या 214(ब) कलमाचा कागद हातात देतात, म्हणजे शिकून परत येशील याची त्यांना खात्री पटली नाही. तो कायमचा शिक्का नसतो, पुन्हा अर्ज करता येतो. फी मात्र पुन्हा भरावी लागते.

आदल्या दिवशीच मुंबई गाठ. रात्रभर गाडीत जागून थेट बीकेसीत वकिलातीच्या रांगेला लागू नकोस. मोबाईल आत नेता येत नाही, तेव्हा वडील बाहेर कुठे थांबणार ते आधीच ठरवून ठेवा.

तुझी,
ताई