‘साउदाजी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: बॉसा नॉव्हा या ब्राझीलच्या संगीतशैलीतल्या, ऐकलेच पाहिजेत अशा अल्बमांची यादी मराठीत करतोय, पण पहिल्याच नावाशी अडलोय. ‘Chega de Saudade’ देवनागरीत कसं लिहायचं, आणि त्याचं ‘विरह पुरे’ असं भाषांतर चालेल का?

आधी उच्चार. रिओकडच्या बोलीत ते ‘शेगा जी साउदाजी’ असं ऐकू येतं. पोर्तुगालमध्ये शेवटचा स्वर जवळजवळ गिळतात, म्हणून तिथे ‘सौदाद’. गाणं ब्राझीलचं आहे, तेव्हा ‘साउदाजी’च लिहा. ‘बोसा नोवा’ मात्र नको. दोन्ही शब्दांतला ओ उघडा आहे आणि आपल्याकडे त्यासाठी ऑ तयारच आहे: बॉसा नॉव्हा. बॉसा म्हणजे मुळात टेंगूळ किंवा कुबड. रिओच्या बोलीत त्याचा अर्थ एखाद्याची खास हातोटी असा झाला आणि 1930च्या दशकातल्या सांबा गाण्यांतही तो सापडतो. बॉसा नॉव्हा म्हणजे नवी ढब.

आता अर्थ. ‘साउदाजी’ हा शब्द अनुवाद न होणारा आहे, असं त्याच्याभोवती फार गूढ उभं केलं जातं. मला ते पटत नाही. लॅटिनमधल्या एकटेपणाच्या शब्दापासून तो आला, आणि ब्राझीलमध्ये आज तो रोजच्या बोलण्यातला आहे. तिथला माणूस आजीच्या हातच्या जेवणाबद्दलही तो वापरतो. आपण तिथे सरळ ‘आठवण येते’ म्हणतो, आणि बोलण्यात तेच बरोबर आहे.

गाण्यात मात्र ‘आठवण’ थिटी पडते. ‘विरह’ ही ताटातुटीची स्थिती झाली, त्यात मनाला काय होतं ते नाही. शिवाय ‘शेगा’ म्हणजे ‘पुरे’, हा घरगुती शब्द आहे. पोरांना ‘पुरे आता टीव्ही’ म्हणावं तसा. त्याच्या शेजारी ‘विरह’ परीटघडीचा वाटतो. ‘हुरहूर’ मला बरेच दिवस पटत होता. पण हुरहूर संध्याकाळी उगाचही लागते, उद्याच्या काळजीनेही लागते. साउदाजी नेहमी कुणाची तरी, कशाची तरी असते. म्हणून माझं मत ‘झुरणं’ला. झुरायला कुणीतरी लागतंच. ‘झुरणं पुरे’.

गाणंही हाच अर्थ धरून चालतं. शब्द कवी व्हिनिसियुस दि मोराइस यांचे, चाल आंतोनियो कार्लोस जोबिम यांची. सुरुवातीला गाणारा आपल्या दुःखालाच निरोप्या करून तिच्याकडे धाडतो: जा, सांग तिला, तिच्याशिवाय चालत नाही. हा भाग मायनरमध्ये आहे. मग ‘पण ती परत आली तर’ हा विचार येतो आणि चाल मेजरमध्ये जाते. आपल्या भाषेत, कोमल गंधार जाऊन शुद्ध गंधार लागतो. पहिला अर्धा भाग झुरण्याचा, दुसरा ‘पुरे’चा. तिथेच तो म्हणतो की समुद्रात पोहणाऱ्या मासोळ्यांहून जास्त पापे घेईन. मूळ शब्द पेशिन्युश आणि बेजिन्युश, दोन्ही लाडाची लघुरूपं. म्हणून ‘मासे’ नको, ‘मासोळ्या’च हवं. ‘नो मोअर ब्लूज’ या इंग्रजी रूपात ती परतत नाही, गाणाराच घरी निघतो, आणि साउदाजी हरवते.

यादीत दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवा. गायिका एलिझेत कार्दोझो यांचा 1958चा ‘कान्साँव दु आमोर देमाइस’: भरदार आवाज, वाद्यवृंद, आणि या गाण्यात मागे गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो यांची गिटार. मग 1959चा जिल्बेर्तो यांचा स्वतःचा ‘शेगा जी साउदाजी’. तेच गाणं, पण कानाशी बोलावं इतक्या हलक्या आवाजात. शब्द शिकायला हा दुसरा बरा, एकेक अक्षर सुटं ऐकू येतं. अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्याबरोबरचा 1964चा ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ त्यानंतर.

जाता जाता, काजू आणि अननस हे शब्द मूळ ब्राझीलच्या तुपी भाषेतले. पोर्तुगीजांच्या तोंडून ते आपल्या किनाऱ्यावर आले. चावी, पगार, घमेलं हे शब्दही आपण पोर्तुगीजमधूनच घेतले. साउदाजी तेवढी घेतली नाही, कारण ‘झुरणं’ आपल्याकडे आधीपासून होतं.