सायकलचा सवाल: सीटपोस्ट कोणता घेऊ?

प्रश्न : मी ४३ वर्षांची, एका दवाखान्यात परिचारिका आहे. उंची पाच फूट एक इंच. रोज शाहूपुरीतून पोवई नाक्याकडे हायब्रिड सायकलने जाते आणि रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला. घाट उतरताना कमरेला असे हादरे बसतात की सोमवारी ड्यूटीवर वाकवत नाही. तासाभराने बसल्या जागी मुंग्याही येतात. दुकानदार स्प्रिंगचा सीटपोस्ट घ्या म्हणतात, मुलगा म्हणतो कार्बनचा घे. फोटो सोबत पाठवला आहे. कोणता घेऊ?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी शिवणकामाची टेप घ्या. सीटचा दांडा, म्हणजेच सीटपोस्ट, फ्रेमच्या नळीतून जिथे बाहेर येतो, तिथपासून सीटखालच्या दोन सळयांपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. तुमच्या फोटोत ते मला सहा-सात सेंटीमीटरच दिसतंय. या एका मापावर तुमच्या दोन्ही पर्यायांचा निकाल लागतो.

स्प्रिंगच्या सीटपोस्टचा हलणारा भाग फ्रेमच्या बाहेरच राहतो. त्याला साधारण आठ ते दहा सेंटीमीटर जागा लागते. तुमच्याकडे तेवढी नाही. तरीही बसवला तर सीट उंच होईल आणि पायडल गाठायला तुम्हाला दर फेरीला कंबर डावी-उजवी टाकावी लागेल. दुखणं आहे त्याच्या दुप्पट होईल. कार्बनचं म्हणाल, तर त्याचा आराम दांड्याच्या लवण्यातून येतो आणि लवायला बाहेर लांबी लागते. वीतभर दांडा बाहेर असलेल्या उंच माणसाला फरक जाणवतो, सहा सेंटीमीटरच्या तुकड्यात काय लवणार? मुलाला सांगा, ते पैसे तूर्त राहू देत.

आता आहे त्या दांड्याची उंची तपासा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, मांड्यांमध्ये जाड वही धरून घट्ट वर दाबा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. समजा ७० सेंटीमीटर आलं, तर त्याला ०.८८३ ने गुणा: जवळपास ६२. पायडलची दांडी जिथे फिरते त्या मध्यापासून, नळीच्या तिरक्या रेषेत, सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. पडताळा घ्यायचा तर पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हावा, कंबर कलू नये. माझ्या दुकानात कंबरदुखी सांगत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची सीट बोटभर उंच निघते, आणि मुंग्यांचंही ते एक मोठं कारण असतं. या मापाला दांडा जवळजवळ पूर्ण आत जात असेल, तर फ्रेमच तुमच्यासाठी मोठी आहे. मग दांडा बदलून भागणार नाही.

मुंग्यांचं दुसरं कारण दांड्याच्या माथ्यावर असतं. तुमच्या फोटोत सीटखाली एकच बोल्ट आहे. असा माथा दात्यांवर बसतो. एक दाता पुढे सरकवला की सीटचं नाक जास्तच खाली जातं आणि अंग हातांवर येतं, मागे घेतला की नाक वर. अधलंमधलं जमत नाही. तुम्हाला दांडा घ्यायचाच असेल तर दोन बोल्टांचा साधा ॲल्युमिनियमचा घ्या. एक बोल्ट पाव फेरी सैल, दुसरा पाव फेरी घट्ट, असं करत सीट सपाट किंवा तिचं नाक किंचित खाली आणता येतं. माझ्या मते तुमच्या बाबतीत पैसे सत्कारणी लागतील ते इथेच.

घेताना जाडी डोळ्यांनी ठरवू नका. जुन्या दांड्यावर बहुतेक तळाशी आकडा कोरलेला असतो: २७.२, ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटर. तो पुसला गेला असेल तर व्हर्नियरने मोजून घ्या. ०.२ मिलिमीटरचा फरकही चालत नाही: बारीक दांडा घसरतो, जाड आत जात नाही. माथा मागे झुकलेला आहे की सरळ, तेही जुन्यासारखंच ठेवा. हँडल लांब पडतं म्हणून अनेक जण सीट पुढे ओढतात आणि गुडघे दुखवून घेतात. त्यासाठी आखूड स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, मिळते.

राहिले घाटातले हादरे. टायरमध्ये पंपवाल्याने दगडासारखी हवा भरली असेल. तुमचे टायर ३८ मिलिमीटरचे असतील आणि वजन साठच्या आत असेल, तर टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून ५० पीएसआयच्या आसपास आणून बघा. आणि यवतेश्वरहून उतरताना खड्डा दिसला की दोन्ही पायडल आडवी करून, गुडघे वाकवून, सीटवरून दोन बोटं उठा.

प्रश्न : माझ्या जुन्या लोखंडी सायकलचा ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट फ्रेममध्ये घट्ट अडकलाय. हातोडी मारू का?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : अजिबात नको. घाम आणि पावसाचं पाणी नळीत उतरलं की दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते, तिनेच तो आवळलाय. दांडा आवळणारा क्लॅम्प काढा, फटीत गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर ठेवा, पुन्हा घाला. मग सीट दोन्ही हातांनी धरून पिळा, वर ओढू नका. एकदा मला असाच दांडा आतून करवतीच्या पात्याने चिरून काढावा लागला होता, पुरते दोन दिवस गेले. तुमचा निघाला की नळी फडक्याने पुसा आणि ग्रीस लावून बसवा. दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, तो एकदा बाहेर काढत जा. बसवताना दांड्यावरची किमान खोलीची रेघ नळीच्या आत गेलीच पाहिजे. रेघ बाहेर ठेवून चालवलेल्या सायकलींच्या फ्रेम मी त्याच जागी तडकलेल्या पाहिल्या आहेत.