वाचकांचे प्रश्न : भविष्यातल्या शहरातील खासगी गुप्तहेर

प्रश्न : गुप्तहेरकथा आणि विज्ञानकथा यांचा मिलाफ असलेली 'द लाँग टुमॉरो' ही चित्रकथा मी तरुणपणी वाचली. तिच्यातील शहर आजही डोळ्यांपुढून हलत नाही. 'ब्लेड रनर' हा चित्रपट तिच्यावरूनच काढला, असे एक मित्र म्हणतो. ते खरे आहे का? आणि इतकी छोटी कथा एवढी लक्षात का राहते?

उत्तर : ही चित्रकथा माझ्याही जिव्हाळ्याची असल्याने आपले पत्र वाचून फार आनंद झाला. मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे. १९८२ सालच्या त्या चित्रपटाचे कथानक फिलिप के. डिक यांच्या कादंबरीवर आधारलेले आहे. शहराचे रूप ठरवताना मात्र दिग्दर्शक रिडली स्कॉट यांच्यापुढे ही चित्रकथा होती.

तिचा जन्म एका अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटामुळे झाला. १९७५ मध्ये दिग्दर्शक आलेहांद्रो होडोरोव्स्की यांच्या 'ड्यून' या चित्रपटाच्या पूर्वतयारीसाठी पटकथालेखक डॅन ओ'बॅनन आणि 'मोबियस' या नावाने चित्रे काढणारे जाँ जिरो पॅरिसमध्ये एकत्र आले होते. फावल्या वेळात ओ'बॅनन यांनी ही कथा स्वतःच रेखाटली आणि ती पाहून भारावलेल्या जिरोंनी ती नव्याने काढायला घेतली. चित्रपट बारगळला, चित्रकथा मात्र १९७६ मध्ये 'मेताल हुर्लां' या फ्रेंच मासिकात प्रसिद्ध झाली.

कथेचा साचा जुनाच आहे. पीट क्लब या खासगी गुप्तहेराकडे एक सुंदर, श्रीमंत स्त्री येते आणि खालच्या वस्तीतल्या लॉकरमधून एक पुडके आणून देण्याचे वरकरणी किरकोळ काम त्याला सोपवते. पुढे काय होते, हे नव्या वाचकांसाठी सांगत नाही. अशा कथेत रात्र, पाऊस आणि दाट सावल्या अपेक्षित असतात. मोबियस यांनी मात्र बारीक, स्वच्छ रेषा आणि लख्ख रंग वापरून सगळे दुष्कृत्य भर उजेडात मांडले, आणि माझ्या मते त्यामुळेच ते अधिक अंगावर येते. शहराच्या प्रचंड विवराचे चित्र पुन्हा उघडून पाहा : समोरासमोरच्या भिंतींवर थरांवर थर, मधून जाणारी वाहने, आणि तळ काही केल्या दिसत नाही. जितके खाली जावे तितकी वस्ती दरिद्री होत जाते. जुन्या कादंबऱ्यांतला गुप्तहेर मोटारीने बड्या वस्तीतून बकाल गल्लीत जात असे; इथे तो अक्षरशः खाली उतरतो.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे या शहराचे कोणालाच नवल वाटत नाही. पीट आपल्या रोजच्या, थकलेल्या सुरात हकिगत सांगतो, भविष्यकाळाचे स्पष्टीकरण देत बसत नाही, आणि म्हणूनच ते शहर खरे वाटते.

याच चवीचे आणखी वाचायचे असेल, तर मोबियस आणि होडोरोव्स्की यांची १९८० पासून प्रसिद्ध होऊ लागलेली 'द इन्काल' ही चित्रकथा मिळवा. तिचा नायक जॉन डिफूल हाही एक सामान्य खासगी गुप्तहेर आहे, आणि कथा सुरू होते तेव्हा अशाच एका विवरात त्याला वरून फेकून दिलेले असते.